घासाचं विरजण

धुळ्याच्या टांगेवाल्यांचं आपसात कशावरच एकमत व्हायचं नाही. गिऱ्हाइकावरून भांडण, उभं राहायच्या जागेवरून भांडण, हौदावर कुणाच्या घोड्यानं आधी पाणी प्यायचं त्यावरूनही भांडण. पण घोड्याला घास घालायचा तर धुरपदाबाईचा, यावर कुणाचा वाद नव्हता.

घास म्हणजे लसूणघास. लसणाशी त्याचा काडीचा संबंध नाही. गोऱ्या साहेबांच्या तोंडचं कसलंसं नाव आपल्या लोकांच्या जिभेवर येता येता लसूण होऊन बसलं. तीन-तीन पानांचा, जांभळ्या फुलांचा हा चारा एकदा पेरला की तीन-चार वर्षं कापत राहायचा. जनावर त्यावर असं तुटून पडतं की दाण्याची पाटी बाजूला सारतं.

धुरपदाबाईचा मळा धुळ्याहून पाच-सहा मैल वर, पांझरेच्या काठी, फडात होता. नदीच्या बंधाऱ्याचं पाणी पाटानं घ्यायचं आणि सगळ्या गावानं पाळीपाळीनं भिजवायचं, त्या जमिनीला फड म्हणतात. तिचा नवरा हिलाल तरुणपणी नगरला एका पलटणीतल्या साहेबाच्या घोड्यांची देखभाल करणारा मोतद्दार होता. दिल्ली दरबाराच्या साली साहेब विलायतेला गेला आणि हिलाल गावी आला. येताना त्यानं दोन वस्तू आणल्या: घासाच्या बियांचं एक गाठोडं आणि पत्र्याच्या डब्यात मुळं-मातीसकट एक जिवंत ठोंब. ठोंब त्यानं पाटाच्या कडेला लावला आणि दिवाळीच्या सुमारास शेजारच्या तीन गुंठ्यांत बी पेरलं.

बी उगवलं छान. पण वीतभर झालं आणि पिवळं पडलं. हिलालनं शेणखत घातलं, राख घातली, दोन पाळ्या पाणी वाढवलं. घास होता तसाच राहिला, कावीळ झालेल्या माणसासारखा.

धुरपदाबाई तेव्हा एकोणतीस-तीस वर्षांची. अक्षराची ओळख नाही, पण नजर अशी की सुपातला एक खडा सुटायचा नाही. एक दिवस ती पाट फोडायला गेली आणि तशीच उभी राहिली. सगळा वाफा पिवळा होता, आणि त्या ठोंबापासून खाली, जिकडे पाणी वाहत गेलं होतं तिकडे, गाईच्या शेपटासारखा एक हिरवागार पट्टा गेला होता.

तिनं नवऱ्याला हाक मारली. त्यानं पाहिलं आणि म्हटलं, "तठे पाणी जास्ती मुरस, म्हनीसन हिरवं शे."

"मंग ठोंबना वरना अंगले बी तेच पाणी शे ना? तठे काबरं पिवळं?"

 त्यानं पागोटं सारखं केलं आणि तो बैलांकडे गेला.

तिनं हिरव्या पट्ट्यातलं एक रोप उपटलं आणि एक पिवळ्यातलं. हिरव्याच्या मुळांना बारीक बारीक दाणे चिकटले होते, बाजरीएवढे, काही जोडजोडीनं. नखानं एक फोडला तर आत गुलाबी. पिवळ्याची मुळं झाडूच्या काडीसारखी साफ. तिला वाटलं, हा त्या नगरच्या मातीचा गुण आहे. ठोंबाबरोबर डब्यातून आलेली ओंजळभर माती पाण्याबरोबर खाली सरकली, आणि जिथे सरकली तिथे घास जागा झाला.

दुसऱ्या दिवसापासून तिनं हिरव्या पट्ट्यातली माती पाटीत भरून पिवळ्या वाफ्यात विखरायला सुरुवात केली. शेजारची बेबाबाई बांधावर उभी राहून हसली. "मातीले माती काय चारस वं धुरपदा?"

"विरजण लावस," धुरपदाबाई म्हणाली.

दोन महिन्यांनी तीन गुंठ्यांत पिवळं पान शोधून सापडेना. बेबाबाई आपणहून पाटी घेऊन आली.

पुढच्या सोळा वर्षांत तीन गुंठ्यांचा दीड एकर झाला. नवा वाफा धरायचा की आधी जुन्या घासाची माती नेऊन टाकायची, हा धुरपदाबाईचा नेम. एकदा तिनं ती माती उन्हाळाभर घराच्या धाब्यावर उन्हात ठेवली आणि मग वापरली. त्या साली घास पिवळाच राहिला. तेव्हापासून माती काढायची ती ओल्या पोत्यात, सावलीतून न्यायची, दोन दिवसांच्या आत पसरायची. का, ते तिला सांगता आलं नसतं. पण दही नासू नये म्हणून विरजण कसं सांभाळतात हे तिला ठाऊक होतं, आणि तिला तेवढं पुरत होतं.

एकोणीसशे सत्तावीस साली, दिवाळी होऊन महिना लोटला असेल, पुना नावाचा टांगेवाला एका पाहुण्याला घेऊन मळ्यावर आला. पाहुणा पंचविशीतला, डोक्यावर टोपी, अंगात कोट, पायात बूट. टांग्यातून उतरला तो सरळ वाफ्यात शिरला आणि उकिडवं बसून घासाची रोपं उपटायला लागला.

"ओ भाऊ!" धुरपदाबाई विळा घेऊनच धावली. "कोन शे तुम्ही? इचारानं नही, पुसानं नही, लोकेस्नं पीक उपटतस?"

तो गडबडून उभा राहिला. हातातली रोपं त्यानं कोटामागे लपवली, आणि ते पाहून तिला हसू आलं.

"चुकलं, अक्का. मी अभिमन. जळगावथीन ऊनू." बूट-कोटातून अहिराणी ऐकून ती जरा निवळली. तो अमळनेरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, पुण्याच्या शेतकी कॉलेजात शिकून आलेला. जळगावच्या शेतकी संघानं पिंप्राळ्याच्या शिवारात जातिवंत बैलांच्या पैदाशीसाठी मळा धरला होता आणि त्याला तिथे व्यवस्थापक नेमलं होतं. बैलांसाठी त्यानं दसऱ्याला तीन एकर घास पेरला. सगळा पिवळा. आणि धुळ्यात टांग्याचं घोडं पाहिलं, त्याच्यापुढचा घास पाहिला, तेव्हा त्याला राहवेना.

"इतलं काय काय टाकं तुम्ही?" तिनं विचारलं.

त्यानं बोटांवर मोजून दाखवलं. शेणखत, हाडांचं खत, चुना.

"आनि विरजण?"

"कसानं विरजण?"

"मातीनं. जुना घासनी माती नवा वावरमा टाकी व्हती का?"

तिनं त्याच्या कोटामागून रोप काढून घेतलं, मूळ तळहातावर धरलं आणि ते गुलाबी दाणे दाखवले. "दूध कितलंबी चांगलं ऱ्हावो, भाऊ, विरजणबिगर दही लागस का?"

अभिमन त्या दाण्यांकडे बघत राहिला. मग तो बांधावर बसला आणि त्यानं कपाळावर हात मारून घेतला. कॉलेजात हे त्यानं वाचलं होतं. मुळांच्या गाठींत सूक्ष्म जंतू राहतात, हवेतलं नत्र धरून झाडाला देतात, झाड त्यांना साखर देतं; आणि एका पिकाचे जंतू दुसऱ्याला चालतातच असं नाही. परीक्षेत त्यानं यावर तीन पानं लिहिली होती, पहिला नंबर काढला होता. आणि स्वतःच्या तीन एकरांत पिवळा घास बघताना त्यातली एक ओळ त्याला आठवली नव्हती.

हे सगळं त्यानं तिला सांगितलं. काही लपवलं नाही, स्वतःची फजितीसुद्धा. धुरपदाबाईला तो तिथेच आवडला.

"हवामाईन धरतस?" ती म्हणाली. "हवामा खत ऱ्हास?"

"ऱ्हास, अक्का. पण झाडले ते लेता येत नही. हाई जीव लेतस आनि झाडले देतस."

 सोळा वर्षं आपण पाटीतून काय वाहत होतो ते तिला पहिल्यांदा कुणी सांगितलं होतं, आणि तिचा आदमास खरा निघाला होता.

माती द्यायला ती लगेच तयार झाली, पण त्याच्या हाती द्यायला तयार होईना. "तुम्ही नेशात तर वाळाई टाकशात. मीच येस संगे."

तिसऱ्या दिवशी हिलालनं चार ओली पोती बैलगाडीतून धुळ्याच्या ठेशनावर आणली. तिथला तिकीटबाबू पोती पाहून पुढे आला.

"यात काय आहे?"

"माती," धुरपदाबाई म्हणाली.

"माती? कुठे नेताय?"

"जळगावले."

"जळगावात माती नाही का, बाई?"

"शे ना. पण तिले अजून घासनं काम शिकाडानं बाकी शे."

बाबूनं अभिमनच्या कोटाकडे पाहिलं, पोत्यांकडे पाहिलं, आणि वजनाची पावती फाडली. चाळीसगावला गाडी बदलताना हमालानं एक पोतं उन्हात टेकवलं, तर तिनं स्वतःच्या पदराची सावली त्यावर धरली.

पिंप्राळ्याच्या मळ्यावर संघाचे अध्यक्ष हजर होते. सगळे त्यांना रावसाहेब म्हणत. भरदार मिशांचे, जातिवंत जनावराची पारख असलेले, मनानं वाईट नव्हते. पण पोत्यातली माती पाहून त्यांचा पारा चढला.

"अभिमनराव, तुम्हाला शिकलेले म्हणून घेतलं. आणि तुम्ही बाईमाणसाच्या सांगण्यावरून आगगाडीनं माती आणता? नदीकाठची गाळाची माती, तिच्यात खत मुरलेलं. घास हिरवा होईल तो खतानं. जंतू कसले त्यात!"

अभिमन पुस्तकातलं सांगायला लागला. रावसाहेब ऐकेनात. धुरपदाबाई पोत्याशेजारी बसून होती, ती उठली.

"रावसाहेब, निम्मी माती भाजीसन दखा."

"काय?"

"निम्मी माती कढाईमा भाजा. खत व्हई तर भाजीसन बी खतच ऱ्हाई. जीव व्हई तर मरी जाई. मंग दोन्ही बराबर टाका आनि दखा."

मळ्यावरचे गडी एकमेकांकडे बघायला लागले. अभिमन तर थक्कच झाला. कॉलेजातल्या प्रोफेसरानं प्रयोग आखला असता तो याहून वेगळा आखला नसता. रावसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "बरं," ते म्हणाले, "बघू."

धुरपदाबाईनं मोठ्या कढईत दोन पोती माती स्वतः भाजली, धूर निघेपर्यंत, हातातल्या फावड्यानं खालीवर करत. अभिमननं मळ्याच्या एका कोपऱ्यात तीन नवे वाफे आखून ताजं बी पेरलं. एकात ओली माती, एकात भाजलेली, दोन्ही तोलून सारख्या. तिसऱ्यात काहीच नाही. प्रत्येकावर नावाची पाटी लावली. दुसऱ्या दिवशी ती गावी परतली.

महिन्यानं अभिमनचं कार्ड आलं. गावातल्या सुकदेव मास्तरांनी ते ओट्यावर बसून वाचलं. भोवती हिलाल होता, बेबाबाई होती, आणखी पाच-सात माणसं होती.

'अक्कांस नमस्कार. कळवण्यास वाईट वाटते की भाजलेल्या मातीचा वाफा सर्वांत हिरवा व उंच झाला आहे. आपल्या ओल्या मातीचा वाफा त्याच्या मागे आहे. रावसाहेब म्हणतात, त्यांचे म्हणणे खरे ठरले. मी काय करू?'

 बेबाबाई नको तितक्या मऊ आवाजात म्हणाली, "जाऊ दे वं, आपन काय शिकेल शेतस?"

हा शब्द धुरपदाबाईला लागला. ती उठली आणि घासाच्या वाफ्यात जाऊन बसली. तिचा हात घासाच्या मुळाशी होता आणि डोकं चालत होतं. भाजल्यानं माती मेली, तर ती हिरवी कशी झाली? तिथून पलीकडच्या शेतात कापूस वेचायला सातपुड्याकडची माणसं आली होती. दर साली यायची. त्यांच्यातली नानीबाई तिच्या ओळखीची. धुरपदाबाई तिच्याकडे गेली आणि म्हणाली, "नानी, तुम्हनाकडे रान जाळीसन पेरतस ना? जळेल जमीन कशी पिकस?"

नानीबाई कापसाचं बोंड सोडवता सोडवता तिच्या मोडक्यातोडक्या अहिराणीत म्हणाली, "पह्यले गंज जोर करस. मंग थकी जास. पेटाडेल चुल्हा कितला येळ जळी?"

धुरपदाबाई तशीच मास्तरांकडे आली. "ल्ह्या," ती म्हणाली. "काही उपटू नको. पाणी देत ऱ्हाय. भाजेल माती पह्यले जोर करी आनि मंग बसी जाई. आखो सव्वा महिना थांब. माले बलाव तवय मी येसू."

"आणि नाहीच बसली तर?" मास्तरांनी विचारलं.

"मंग रावसाहेबस्ना पाय धरसू. पन आजून सव्वा महिना शे."

ते दिवस तिला जड गेले. बेबाबाई रोज बांधावरून "कार्ड ऊनं का?" विचारायची. हिलाल काही विचारत नव्हता. तो तिच्या वाट्याचं पाणीही स्वतःच धरायचा. एका सकाळी मात्र गाडी जुंपता जुंपता तो म्हणाला, "सोळा वरीस मी ह्या घासवर पोट भरं. माले इचारशी तर तूच खरी शे." लग्नाला तीस वर्षं होत आली होती, आणि नवऱ्यानं असं तोंडावर म्हटलेलं तिला हे पहिलंच.

संक्रांत होऊन पंधरा-वीस दिवस झाले आणि कार्ड आलं. त्यात एकच ओळ होती. 'अक्का, लगेच या.'

ती आणि हिलाल दोघंही गेली. पिंप्राळ्याच्या मळ्यात शिरताच तिला लांबूनच दिसलं. भाजलेल्या मातीचा वाफा खालून पिवळा पडत चालला होता आणि त्याची वाढ जागच्या जागी थांबली होती. तिसरा तर केव्हाच गेला होता. आणि ओल्या मातीचा वाफा गुडघ्याला लागत होता, काळपट हिरवा, वाऱ्यावर डोलणारा. त्यापलीकडे अभिमननं तिला न विचारता आणखी एक काम केलं होतं: उरलेली ओली माती दसऱ्याला पेरलेल्या तीन एकर घासाच्या एका टोकाला टाकली होती, आणि तिथून हिरवा रंग आत पसरत निघाला होता.

रावसाहेब वाफ्यापाशी उभे होते. त्यांनी भाजलेल्या वाफ्यातली चार रोपं उपटली, मुळं झटकली. साफ. मग ओल्या वाफ्यातली चार उपटली. मुळांवर दाणेच दाणे. त्यांनी एक दाणा नखानं फोडला आणि गुलाबी रंग पाहिला. त्यांनी पागोटं काढून काखेत धरलं.

"बाई," ते म्हणाले, "मी चाळीस वर्षं शेती करतोय. मला आज कुणी हरवलं याचं वाईट वाटत नाही. हे कळायला इतका उशीर झाला याचं वाटतं."

धुरपदाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. तिला पुष्कळ बोलायचं होतं, सोळा वर्षांचं, पण तोंडून निघालं ते इतकंच, "बैलेस्ले पह्यली कापनी तुम्हना हातथीन टाका."

त्याच दुपारी अभिमन तिला जळगावात एका डॉक्टरांकडे घेऊन गेला. हिवतापाचं रक्त तपासायची दुर्बीण त्यांच्याकडे होती. अभिमननं एक दाणा काचेवर चिरडला, त्यावर निळा रंग सोडला, धुतला, आणि नळीखाली ठेवला. धुरपदाबाईनं एक डोळा मिटून दुसरा लावला. आधी नुसतं धुकं. अभिमननं चाक फिरवलं आणि धुक्यातून निळ्या काड्या वर आल्या. शेकडो. काही सरळ, काही वाकड्या, आणि पुष्कळशा पोरांच्या गलोलीच्या बेचक्यासारख्या, टोकाशी फुटलेल्या.

"ह्या बठ्ठा एक दानामा?"

"एका दाण्यात लाखांनी असतात," डॉक्टर म्हणाले.

ती पुन्हा वाकली. डॉक्टरांचे रोगी बाहेर खोळंबले होते, तरी तिला कुणी उठवलं नाही. शेवटी ती सरळ झाली, डोळे पुसले आणि हिलालला म्हणाली, "दखा तुम्ही बी. यास्ले डोकावर लिसन मी सोळा वरीस फिरनू."

उन्हाळ्यात संघानं एक पत्रक छापलं. पाचशे प्रती. अभिमन पहिली प्रत घेऊन स्वतः पांझरेकाठी आला आणि त्यानं ती ओट्यावर वाचून दाखवली. माती कशी काढावी, ओली कशी ठेवावी, किती टाकावी, सगळं नीट लिहिलं होतं. सुरुवातीला होतं, 'धुळे तालुक्यातील एका शेतकरी बाईच्या अनुभवावरून.'

"मनं नाव कथं शे?" धुरपदाबाईनं विचारलं.

अभिमन चपापला. "अक्का, छापखान्याला मजकूर रावसाहेबांनी दिला. बाईमाणसाचं नाव असं गावोगाव फिरावं की नाही, असं त्यांना वाटलं असेल."

"मनी माती गावोगाव फिरस तवय लाज नही वाटत, मंग नावले काबरं वाटी?" तिचा आवाज चढला नव्हता. "माती मी फुकट देस, भाऊ. कोनीबी येवो, पाटी भरीसन लई जावो. पन हाई कोनी शोधं ते लोकेस्ले ठाऊक पडाले पाहिजे. मनी आंडेर, मनी लेक शे, तिन्या पोरी शेतस. त्यास्ले ठाऊक पडाले पाहिजे."

अभिमननं पत्रक घडी करून खिशात घातलं आणि तो आल्या पावली परत गेला. पुन्हा छापायला संघ तयार नव्हता. मग तो पिंप्राळ्याच्या मळ्यावर दौत-टाक घेऊन बसला आणि पाचशे प्रतींवर, त्या ओळीच्या शेजारी, एकेक करून हातानं लिहिलं: धुरपदाबाई हिलाल पाटील, पांझराकाठ. चौथ्या दिवशी रावसाहेब तिकडे आले. त्यांनी ते पाहिलं, खुर्ची ओढली, आणि उरलेल्या गठ्ठ्यातली निम्मी पत्रकं आपल्यापुढे घेतली.

पत्रकं यावल, चोपडा, शिरपूर, साक्रीच्या बाजारांतून गेली. पुढच्या दसऱ्याच्या आधीच माणसं यायला लागली. कुणी पायी, कुणी बैलगाडीनं, एकजण तर पाचोऱ्याहून आगगाडीनं. पहिला आलेला म्हातारा शिरपूरकडचा होता. त्याच्या हातात पत्रक होतं, आणि वाचता येत नसलं तरी नावावर बोट बरोबर होतं.

"धुरपदाबाई कोन शे, माय?"

बेबाबाई बांधावर होती. तिनं तोंड उघडायच्या आत धुरपदाबाई वाफ्यातून उठून उभी राहिली, विळा कमरेला खोचला आणि म्हणाली, "मी."

म्हाताऱ्यानं हात जोडले. तिनंही जोडले. मग तिनं त्याच्या खांद्यावरचं पोतं हातात घेऊन पाहिलं. ठणठणीत कोरडं.

"आबा, हाई पोतं आधी नदीमा भिजाडी आना," ती म्हणाली. "तवलोंग मी माती काढी ठेवस."

म्हातारा नदीकडे वळला. हिलालनं कुदळ पुढे केली, आणि ती कुठल्या वाफ्यातली माती सगळ्यांत चांगली ते बघत मळ्यात शिरली.